देवबागच्या समुद्रांतील गादे

मालवणास जाणारा प्रवासी बहुधा सिंधुदुर्ग पाहण्याच्या हेतूनें जातो, आणि तें योग्यच आहे. १६६४ सालीं ज्या कुरटे बेटावर शिवछत्रपतींनीं या जलदुर्गाच्या उभारणीस आरंभ केला, त्याचें दर्शन घेतल्यावांचून परतणें कोणाही महाराष्ट्रीयास रुचणार नाहीं. परंतु ज्या पाण्यानें त्या किल्ल्यास इतकीं शतकें वेढिलें आहे, त्यांत वस्ती कोणाची आहे, याचा विचार आपल्यांपैकीं फार थोडे लोक करतात. आमच्यासारख्या शाकाहारी घरांचा तर समुद्राशीं संबंध मीठ आणि नारळीपौर्णिमा यांपलीकडे सहसा जात नाहीं. हा संबंध थोडा वाढवावा, मुलांना समुद्रांतील जीवसृष्टि प्रत्यक्ष दाखवावी, या उद्देशानें गेल्या मार्गशीर्षांत आम्ही घरचीं नऊ माणसें कोंकण रेल्वेनें कुडाळास उतरलों व तेथून मोटारीनें मालवणावरून देवबागेस गेलों.

देवबाग हा गांव म्हणजे एक चिंचोळी वाळूची पट्टी आहे. एका बाजूस अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूस कर्ली नदी, आणि मध्यें माडांची दाट राई. पट्टीच्या टोकाशीं नदी व सागर यांचा संगम होतो. पलीकडच्या तीरावर भोगवें, आणि त्याच्या दक्षिणेस निवतीचे खडक. या संगमापासून निवतीपर्यंतच्या उथळ समुद्रांत डॉल्फिन वारंवार दिसतात. येथील कोळी त्यांना 'गादा' म्हणतात.

सकाळीं सात वाजतां आम्ही होडींत बसलों. सत्तरी ओलांडलेल्या मातोश्रींपासून सात वर्षांच्या पुतणीपर्यंत प्रत्येकास नारिंगी जाकीट घातल्याखेरीज तांडेलानें होडी हालविली नाहीं. संगमावर नदीचा ओघ आणि समुद्राच्या लाटा एकमेकींस भिडतात, तेथें होडीनें दोन-तीन मोठे हेलकावे खाल्ले व मातोश्रींनीं रामरक्षा सुरू केली. पुढें मात्र पाणी शांत होतें. भोगव्याच्या डोंगरावरून एक समुद्रगरुड संथपणें घिरट्या घालीत होता. त्याचें पांढरें पोट कोंवळ्या उन्हांत चकाकत होतें.

अर्धा तास गेला तरी कांहीं दिसेना. मुलें कंटाळलीं. इतक्यांत दूरवर दोन होड्या एकाएकीं वळल्या व भरधांव निघाल्या. तिकडे कांहीं तरी काळें पाण्यावर दिसून नाहींसें झालें होतें. त्या होड्यांवरील मंडळी उभी राहून 'जवळ घ्या, जवळ घ्या' म्हणून ओरडत होती. आमच्या तांडेलानें मात्र यंत्रच बंद केलें. मुलांचे हिरमुसलेले चेहरे पाहून तो म्हणाला, "वायच दम धरा, काकानू. ते आपसूकच वर येतले."

आणि तसेंच झालें. प्रथम आवाज आला. थकलेल्या बैलानें नाकपुड्या फुलवून श्वास सोडावा, तसा. मग होडीपासून पन्नास-साठ हातांवर एक करडी पाठ पाण्यावर आली; तिच्यावर लांबट उंचवटा, आणि उंचवट्यावर लहानसा पर. ती सावकाश वळून आंत गेली न गेली तोंच दुसरी, मग तिसरी. तिसरीला अगदीं चिकटून, फिक्या रंगाचें एक पिलूं. आई वर आली कीं तें वर येई, आई बुडाली कीं तें बुडे. होडींत कोणी बोलेना. पाव तासानें मातोश्री हळूच म्हणाल्या, "हिच्या कडेवर पोर आहे, तिच्यामागें लोक कशाला धांवतात?"

या प्रश्नाचें महत्त्व समजण्यास या प्राण्याची थोडी माहिती हवी. गादा हा दिसण्यांत मासा असला तरी मासा नव्हे. तो आपल्याप्रमाणेंच उष्ण रक्ताचा, फुप्फुसांनीं श्वास घेणारा व पिलांस दूध पाजणारा प्राणी आहे. प्रत्येक श्वासासाठीं त्याला पाण्यावर यावें लागतें. म्हणजे आपण जिला त्याची क्रीडा समजतों, ती पुष्कळदां त्याची निकडीची गरज असते. मादी सुमारें एक वर्ष गर्भ वाहते, एका वेळीं एकच पिलूं देते, आणि पुढील पिलापर्यंत बहुधा तीन वर्षें जातात. किनाऱ्यालगतचें उथळ पाणी हेंच त्याचें घर; बंदरें, जाळीं, गांवचें सांडपाणी हीं सारीं त्याच्याच अंगणांत येतात. त्यामुळें ही जात आज जगांतील धोक्यांत आलेल्या प्राण्यांत गणली जाते.

गढूळ पाण्यांत त्याला डोळ्यांचा उपयोग थोडा. तोंडानें नव्हे, तर मस्तकांतून तो बारीक कट्‌कट् ध्वनि सोडतो व त्यांच्या प्रतिध्वनीवरून वाट आणि भक्ष्य ओळखतो. पाठीमागून चार यंत्रें घरघरूं लागलीं म्हणजे त्याची अवस्था काय होत असेल? धडधडत्या आगगाडींत शेजाऱ्याची हांकही आपणांस ऐकूं येत नाहीं. तेथें पिलाची हांक आईस कशी ऐकूं यावी?

परततांना आम्हीं तांडेलास त्या दोन होड्यांविषयीं विचारलें. तो शांतपणें म्हणाला, "लोक म्हणतत, जवळ ने. नाय नेली तर उद्यां दुसऱ्याची होडी करतत." त्याच्या बोलण्यांत तक्रार नव्हती. गादे जाळ्यांतील मासे खातात, जाळें फाडतात, हें नुकसानही तो सोसतो. तरी त्यांच्याविषयीं त्याच्या तोंडून वांकडा शब्द आला नाहीं. गादे मारणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा आहे, आणि मालवणलगतचा सुमारें २९ चौरस किलोमीटरांचा समुद्र १९८७ सालीं अभयारण्य म्हणून जाहीर झालेला आहे. परंतु प्रत्येक होडीमागें शिपाई कोण धाडणार? पाठलाग करावयाचा कीं नाहीं, हें तांडेलाच्या हातीं नसून भाडें देणाऱ्याच्या हातीं आहे.

गाद्यांपलीकडे, खोल पाण्यांत, त्यांचे अजस्र भाऊबंद देवमासेही याच समुद्रांत राहतात. २०१५ च्या जूनमध्यें रेवदंड्याच्या किनाऱ्यास सुमारें ४२ फुटांचा निळा देवमासा लागला व तेथेंच गतप्राण झाला. २०२३ च्या नोव्हेंबरांत गणपतिपुळ्यास देवमाशाचें एक पिलूं वाळूंत रुतलें. ग्रामस्थांनीं व वनखात्याच्या माणसांनीं रात्रंदिवस खटपट करून तें पाण्यांत ओढून नेलें, तरी तें वांचलें नाहीं. वाळूंत तडफडणाऱ्या जीवासाठीं आपलीं माणसें इतकीं कष्टतात, हें भूषणावह आहे. हीच कणव पाण्यांत सुखानें वावरणाऱ्या जीवासंबंधीं दाखविणें त्याहून सोपें आहे, कारण त्यासाठीं केवळ स्वस्थ बसावयाचें असतें.

आमच्या वाचकांनीं सहकुटुंब ही सफर अवश्य करावी. पावसाळ्यांत समुद्र खवळलेला असल्यानें होड्या बंद असतात. कार्तिक ते फाल्गुन हा काळ उत्तम, आणि सकाळची वेळ सर्वांत चांगली, कारण तेव्हां वारा पडलेला असतो व दूरची पाठही नजरेस येते. उन्हासाठीं टोप्या, मुलांसाठीं सुका खाऊ, आणि जमल्यास दुर्बीण बरोबर न्यावी. कागद किंवा प्लॅस्टिकची पिशवी पाण्यांत टाकूं नये. आणि होडी ठरवितांना, भाड्याची घासाघीस करण्यापूर्वीं, तांडेलास एवढें सांगावें कीं, "आम्हांस जवळ जावयाचें नाहीं."