डोंगरातील ओसरी

एखाद्या शहराची ओळख करून घ्यावयाची तर त्याच्या वेशीच्या आतच फिरले पाहिजे असे नाही. त्या शहराने वेशीबाहेर, जेथे त्याचे नित्याचे काही काम नाही अशा ठिकाणी, काय बांधून ठेवले आहे हे पाहिले म्हणजेही पुष्कळ कळते. महेश्वरी राहून अहिल्याबाईंनी शेकडो कोसांवरच्या क्षेत्री घाट आणि धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या राज्याचा मोठेपणा महेश्वराच्या वाड्याइतकाच त्या दूरच्या ओसऱ्यांवरून ठरतो. परवा युरोपातील गिर्यारोहण-मंडळांचा इतिहास वाचीत असता हाच विचार मनात आला, आणि आमच्या नांदेड-लातूरच्या सपाट मुलखात बसून तो बराच लांबवर गेला.

लंडनचा अल्पाइन क्लब निघाला तो 1857 साली, म्हणजे इकडे उत्तर हिंदुस्थान पेटलेला असताना. पुढे 1862 मध्ये व्हिएन्नास, 1863 मध्ये स्वित्झर्लंडात आणि 1869 मध्ये म्युनिकला अशीच मंडळे उभी राहिली. स्विस मंडळाने तर स्थापनेच्याच वर्षी डोंगरात पहिले निवाऱ्याचे घर बांधले. या घराला तिकडे ‘हट’ म्हणतात. आपण झोपडी म्हटले तर त्याचा अपमान होईल, बंगला म्हटले तर अतिशयोक्ती होईल. धर्मशाळा हाच शब्द त्यातल्या त्यात जवळचा. जर्मन मंडळाची मौज अशी की, त्याच्या अनेक शाखा डोंगरापासून दूर, सपाटीवरील शहरांतून निघाल्या, आणि त्या शहरांनी आल्प्समध्ये आपापल्या नावाची घरे बांधली. बर्लिनकरांना घरच्या गच्चीवरून टेकडी दिसण्याची मारामार. परंतु त्यांनी 1879 साली टिरोलमधील त्सिलरताल पर्वतात ‘बर्लिनर ह्यूटे’ उभी केली. ती वाढत वाढत इतकी भव्य झाली की तिच्यात झुंबरांचे भोजनगृह आले, टपाल कचेरी आली आणि बूट शिवणारा चांभारही आला. सपाटीवरच्या माणसांनी डोंगराला दिलेला हा आहेर पाहून कोणासही कौतुक वाटावे.

परंतु घराला नाव दिले की मालकी येते, आणि मालकी आली की दारात उभे राहून आत कोणास घ्यावयाचे हे ठरविणारा मनुष्यही येतो. व्हिएन्नातील ‘डोनाउलांट’ या शाखेत ज्यू सभासदांचा भरणा होता. तेवढ्याच कारणासाठी 1924 च्या अखेरीस ती मंडळातून काढून टाकण्यात आली. बर्लिन शाखेतील ज्यांना हे रुचले नाही ते बाहेर पडले. त्यात ज्यू होते, तसे इतरही होते. त्यांनी वेगळे मंडळ काढले आणि त्याच त्सिलरताल पर्वतात, अडीच हजार मीटरच्या आसपास, ‘फ्रीझेनबर्गहाउस’ नावाचे आपले घर बांधले. नाझी राजवटीत ते मंडळ बंद पडले, आणि 1938 साली ऑस्ट्रिया गिळंकृत झाल्यावर घरही हिरावले गेले. अखेर 1968 मध्ये ते बर्लिन शाखेच्याच हाती आले; तिने पुढे ते असहिष्णुतेविरुद्धच्या शिकवणीचे स्थान केले, हे तिला भूषणावह आहे. तथापि एकाच शहराने एकाच पर्वतात दोन घरे बांधावी, आणि दुसरे बांधण्याचे कारण पहिल्याचे दार असावे, या गोष्टीत गिर्यारोहणाच्या इतिहासापेक्षा मोठा इतिहास आहे. हिमवादळाला माणसाची जात कळत नाही. ती कळते फक्त घरात बसलेल्यांना.

आता आपल्याकडे वळू. मुंबईची ‘गिरिविहार’ ही संस्था 1954 ची, म्हणजे एव्हरेस्टवर प्रथम मानवी पाऊल पडले त्याच्या दुसऱ्या वर्षीची. पुण्याची ‘गिरिप्रेमी’ 1982 ची. तिचे आठ गिर्यारोहक 2012 साली एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. यांची कीर्ती हिमालयात गेली. परंतु सह्याद्रीत शहरांच्या नावाच्या घरांची रांग काही उभी राहिली नाही. याचे कारण दारिद्र्य किंवा आळस एवढेच नव्हे. सह्याद्रीत घर आधीच होते. हरिश्चंद्रगडाच्या गुहा, रतनगडाच्या गुहा, गोरखगडाच्या सुळक्यातील लेणे, राजगडावरील पद्मावतीचे देऊळ, आणि जवळ कातळात खोदलेले पाण्याचे टाके, एवढ्या सामग्रीवर डोंगर भटकणाऱ्यांच्या कितीतरी पिढ्यांनी रात्री काढल्या. ज्याने ती खोदली त्याचे नावही बहुधा ठाऊक नसे, त्यामुळे आभार कोणाचे मानावयाचे हा प्रश्न नव्हता; भाडे मागणारा कोणी नव्हता, आणि हुसकून लावणाराही नव्हता.

आमच्या मराठवाड्यास तर मंडळ काढण्याचीही सोय नव्हती. सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता, आणि ‘गश्ती निशाण 53’ या फर्मानाने साध्या सभेलाही सरकारची पूर्वपरवानगी लागे. चार तरुण एकत्र जमून डोंगर चढू म्हणाले असते, तर ते डोंगरच चढणार आहेत यावर पोलिसांचा विश्वास बसला नसता; आणि कदाचित पोलिसांचेच बरोबर ठरले असते! कारण उदगीरजवळ देवर्जनच्या हत्तीबेटाने त्या काळात मुक्तिसंग्रामातील लढवय्यांना आसरा दिला. ती लहानशी टेकडी गिर्यारोहकाच्या वहीत नोंदण्याजोगी नाही. पण निवारा म्हणून तिची योग्यता कोणत्याही अल्पाइन घराहून उणी कशी म्हणावी?

वास्तविक औसा, उदगीर, कंधार हे आमचे किल्ले भुईकोट. बालाघाटाच्या रांगा आहेत, परंतु त्या पाहुण्यास चढून दाखवाव्या अशा नव्हेत. औशाजवळ खरोशाच्या टेकडीत सहाव्या शतकातील म्हणून समजली जाणारी लेणी आहेत. खऱ्या अर्थाने डोंगर म्हणावा असा आमचा माहूर, आणि माहूरची कथा तर या विषयाचा मुकुटमणीच. श्रीदत्तात्रेय स्नान करतात काशीस, भिक्षा मागतात कोल्हापुरास, आणि निद्रेला येतात माहूरगडी, अशी श्रद्धा आहे. काशीला त्यांनी गंगा पाहिली, कोल्हापूरला अन्न पाहिले. पण पाठ टेकण्यासाठी मात्र त्यांना आमचा डोंगर लागला. रात्रीचा मुक्काम हीच ज्या शिखराची प्रतिष्ठा, त्याहून जुने गिर्यारोहकाचे घर कोठे शोधावे? मी स्वतः दत्तशिखर चढलो आहे. दमलेला यात्रेकरू तेथे भिंतीला पाठ टेकतो, तेव्हा देवाची व त्याची गरज एकच असते, एवढे मात्र अनुभवाने सांगतो.

येथे कोणी विचारील, आणि विचारलेच पाहिजे, की देवाच्या नावाचा निवारा तरी सर्वांस खुला होता काय? नव्हता. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांस उघडावे म्हणून साने गुरुजींना 1947 साली प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले, हे ज्यास आठवते तो बर्लिनकरांस फार मोठ्याने हसणार नाही. दाराशी उभा राहणारा मनुष्य आल्प्समध्येच जन्मतो असे नाही. तो आमच्या उंबऱ्यावर फार जुना आहे. गुहेला दार नाही म्हणून ती निर्दोष राहिली, इतकेच.

परंतु दार नसलेल्या घराचेही एक दुखणे आहे. जे कोणाचेच नाही ते झाडण्याचेही कोणाकडे नाही. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, ही म्हण आपल्या भटक्यांस तंतोतंत लागू पडावी, अशी पुष्कळ गुहांची आज अवस्था आहे: चुलीच्या धुराने काळवंडलेले छत, टाक्यात तरंगणाऱ्या बाटल्या, भिंतीवर कोरलेली प्रेमिकांची नावे. मालकीचे घर माणसास बाहेर ठेवते आणि बेवारशी घर माणसाच्या हातून मरते. मग मधला मार्ग कोणता?

तो शोधण्यास मला नांदेड सोडून जावे लागले नाही. गुरू गोविंदसिंगांनी 1708 मध्ये जेथे देह ठेवला, त्या गोदाकाठच्या सचखंड गुरुद्वारात दूरदूरचे प्रवासी येऊन राहतात. लंगरच्या पंगतीत बसणाऱ्यास जात कोणी विचारीत नाही. परंतु खरी मौज पंगत उठल्यावर आहे. जेवून उठलेलाच मनुष्य दुसऱ्यांची ताटे घासावयास बसतो. त्याचे तेथे काडीचेही स्वामित्व नसते, आणि तरी ते स्थान दुसऱ्या कोणाचे आहे असेही त्याला वाटत नाही. दार उघडे ठेवून घर स्वच्छ ठेवण्याची ही युक्ती जगातील सर्व गिर्यारोहण-मंडळांनी येऊन शिकावी अशी आहे.

अलीकडे आमच्याकडील तरुणही पाठीवर पिशव्या बांधून सह्याद्रीकडे निघू लागले आहेत. त्यांनी आपल्या शहराच्या नावाचे घर एखाद्या शिखरावर बांधावे, असे मला वाटत नाही. त्यांनी एक जुनी गुहा किंवा एक बुजलेले टाके पत्करावे, रीतसर परवानगी घेऊन दर वर्षी पावसाळ्यापूर्वी त्याचा गाळ काढावा, आणि तेथे आपल्या नावाची पाटी मात्र लावू नये. शहराच्या थोरवीला पाटीची गरज नसते. तहानलेल्या अनोळखी माणसाला नितळ पाणी मिळाले म्हणजे तिचे काम झाले.