उंबरठ्यावरची पॅकेटे

संगणकाच्या जाळ्यावरून धाडलेला मजकूर सलग जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे होतात, त्यांस पॅकेट म्हणतात, आणि प्रत्येक पॅकेट पोस्टकार्डासारखे आपला पत्ता घेऊन निघते. काही वाटेत नाहीशी होतात. मला नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे: कित्येक पॅकेटे मुक्कामाच्या यंत्रापर्यंत सुखरूप पोहोचतात आणि तेथे उंबरठ्यावरच टाकून दिली जातात.

गेल्या जूनमध्ये नातीचा कॉलेजचा अर्ज भरावयाचा शेवटचा दिवस होता. गावातील आणखी चार मुले आमच्या ओसरीवर येऊन बसली होती. एक वर्ष फुकट जाणे म्हणजे काय, हे त्या घरांस विचारावे. “आजोबा, पलीकडचे यंत्र घेतच नाही हो!” असे म्हणत नात पुनःपुन्हा कळ दाबीत होती. रात्री अकराला एकदाचे पाचही अर्ज गेले. यंत्र घेत का नव्हते, हे मी नंतर बेळगावच्या पुतण्याकडून समजावून घेतले.

जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये पॅकेट आले की जाळ्याचे कार्ड प्रोसेसरास हाक मारी. तिला इंटरप्ट म्हणतात. हाक आली की हातातील काम टाकून उठावयाचे, हा नियम. मी तीस वर्षे कचेरीत कारकुनी केली. दर थापेला दार उघडावयास उठणाऱ्या कारकुनाच्या टेबलावरील एकही कागद पुढे सरकत नाही, हे मला कोणी सांगावयास नको. आत घेतलेली पॅकेटे रांगेत साचतात, रांग भरते, आणि श्रम खर्चून आत घेतलेलीच पॅकेटे फेकून द्यावी लागतात. जेफ्री मोगल व के. के. रामकृष्णन यांनी १९९६ साली या अवस्थेवर निबंध लिहिला. पॅकेटे तपासून पुढे धाडणाऱ्या त्यांच्या यंत्राचे काम सेकंदास सुमारे २००० पॅकेटांनंतर घसरू लागले, आणि ६००० च्या सुमारास ते पुरते ठप्प झाले. यंत्र राबतच होते; निष्पत्ती मात्र शून्य!

उपाय मोठा मार्मिक आहे. पहिली थाप ऐकली की घंटाच बंद करावयाची, आणि कारकुनाने आपल्या सवडीने दाराशी जाऊन ठरावीक संख्येने पॅकेटे आत घ्यावयाची. लिनक्समध्ये एका फेरीत एका कार्डाकडून सामान्यतः ६४ घेतात. त्याहून अधिक आली तर कार्डाची जागा भरते, आणि जादा पॅकेटे तेथेच गळतात. प्रोसेसरास त्यांचा पत्ताही लागत नाही. हे निष्ठुर वाटते खरे. पण टाकावयाचेच असेल तर श्रम करण्यापूर्वी टाकावे, हे मला पटते.

गळलेल्या पॅकेटाची पोच येत नाही, आणि त्यावरून धाडणाऱ्याने समजावयाचे असते. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत बर्कली येथील प्रयोगशाळा व विद्यापीठ यांमधील अवघ्या चारशे यार्डांच्या मार्गावर वेग सेकंदास ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ साली तोड प्रसिद्ध केली: पॅकेट हरवले की वेग एकदम उतरवावा, मग हळूहळू वाढवावा. पुन्हा धाडूनही पोच न आल्यास थांबण्याचा काळ दर वेळी दुप्पट होतो. कळ दाबणाऱ्या माणसास हा नियम लागू नाही; प्रत्येक दाबण्यासरशी नवी मागणी निघते व गर्दी वाढते.

मग रांगच मोठी का करू नये? तसेही करून पाहिले गेले. पॅकेटे गळेनात, पण रांगेत इतकी खोळंबू लागली की धाडणाऱ्यास गर्दीची वर्दीच वेळेवर मिळेना. २०१२ साली कॅथलीन निकल्स व जेकबसन यांनी पॅकेटांची संख्या न मोजता त्यांचा खोळंबा मोजण्याची युक्ती काढली. तो ५ मिलिसेकंदांच्या वर टिकून राहिला, की रांगेत जागा असूनही पॅकेट टाकले जाते.