काळजीखोर माणसाची खुर्ची

रुग्णालयाच्या प्रशासकाचं काम नीट झालं, तर ते कुणाला दिसतच नाही. रात्री ऑक्सिजन संपला नाही, पिवळ्या पिशव्यांमधला कचरा ४८ तासांच्या आत गेला, सिस्टर अचानक रजेवर गेली तरी वॉर्ड चालला, याबद्दल कुणी पेढे वाटत नाही. दिसतो तो डिस्चार्जला झालेला उशीर. नालासोपाऱ्याजवळच्या कळंबच्या घरी आल्यावर सुरूच्या बनातला वारा ऐकावा, तर डोक्यात टीपीएची (विम्याचे दावे हाताळणाऱ्या कंपनीची) अडकलेली मंजुरी. तरी याच खुर्चीत काही जण मजेत असतात. कसे?

संशोधक टिमोथी जज आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये नाना व्यवसायांतल्या १६३ नमुन्यांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. कामातल्या समाधानाशी सर्वांत घट्ट संबंध निघाला तो चिंतातुर स्वभावाचा, तोही उलटा: सहसंबंध उणे ०.२९. शिस्तशीरपणाचा ०.२६, बहिर्मुखतेचा ०.२५. नावीन्याच्या ओढीचा जवळजवळ शून्य. अर्थात ०.२९ म्हणजे, त्याचा वर्ग केला तर, समाधानातल्या फरकाचा जेमतेम आठ टक्के हिस्सा. बाकी पगार, वरिष्ठ, रोस्टर आहेतच. म्हणून ‘त्याचा स्वभावच तसा’ म्हणून हात झटकणाऱ्या मालकांचं मला पटत नाही.

स्वभावाचा हा फरक दिसतो तो पावसात. जुलै २०१८ मध्ये नालासोपारा स्टेशनात रूळ पाण्याखाली गेले, गाड्या बंद पडल्या. आमच्या पट्ट्यात असा पाऊस आला की रात्रपाळीची माणसं पोहोचत नाहीत आणि दिवसपाळीची घरी जाऊ शकत नाहीत. अशा वेळी बोलका व्यवस्थापक नातेवाईकांना चहा पाजतो, दमलेल्या स्टाफला हसवतो, आणि सकाळी ताजातवाना असतो. काळजीखोर मात्र आदल्या दिवशीच जनरेटरचं डिझेल मोजून, औषधं वरच्या मजल्यावर हलवून बसलेला असतो. पाणी ओसरल्यावर कौतुक पहिल्याचं होतं. दुसरा अजून ‘लिफ्टच्या खड्ड्यात पाणी राहिलं का’ म्हणत फिरतो.

मुलाखतीत आपण पहिल्याला निवडतो. तक्रार-काउंटरला तो हवाच. पण दुसऱ्यावाचून रुग्णालय चालत नाही, आणि नोकरी सोडायचा विचारही तोच आधी करतो. त्याला समुपदेशनाचं पत्रक नको. स्टोअर, ऑक्सिजन मॅनिफोल्ड, ऑडिट अशी, संध्याकाळी ‘झालं’ म्हणता येईल अशी कामं द्या. आणि विश्वस्तहो, रात्रीचा फोन आळीपाळीने वेगवेगळ्या माणसांकडे ठेवा.