बर्मिंगहॅम : बंद झालेले आणि पुन्हा उघडलेले खाते

अमेरिकेच्या दक्षिण भागातील अलाबामा राज्यात बर्मिंगहॅम नावाचे शहर आहे. इंग्लंडमधील त्याच नावाच्या उद्योगनगरीवरून त्याचे नामकरण झाले. १८७१ साली, अमेरिकन यादवी युद्ध संपल्यानंतर सहा वर्षांनी, दोन रेल्वेमार्ग जेथे एकमेकांस छेदणार होते ती जागा हेरून काही जमीन व्यापाऱ्यांनी आणि रेल्वेच्या भागधारकांनी हे शहर वसविले. लोहखनिज, दगडी कोळसा आणि चुनखडी या लोखंड गाळण्यास लागणाऱ्या तिन्ही वस्तू येथे अगदी जवळजवळ सापडत. असा योग जगात फार थोड्या ठिकाणी जुळतो. त्यामुळे शहर इतक्या वेगाने वाढले की लोक त्यास ‘जादूचे शहर’ म्हणू लागले.

शहराच्या दक्षिणेस रेड माउंटन नावाची डोंगराची रांग आहे. तिच्यावर अग्नी आणि भट्टी यांची रोमन देवता व्हल्कन हिचा ५६ फूट उंचीचा ओतीव लोखंडी पुतळा उभा आहे. १९०४ च्या सेंट लुई येथील जागतिक प्रदर्शनासाठी तो स्थानिक लोखंडातून घडविण्यात आला. या पुतळ्याच्या हातात अनेक वर्षे एक दिवा असे. शहरात वाहनाच्या अपघातात कोणाचा मृत्यू झाला की तो दिवा तांबडा होई, एरवी हिरवा राही. रात्री घरी परतणारा माणूस डोंगराकडे मान वर करून पाही आणि त्या दिवसाचा हिशेब त्यास कळे.

शहरातच स्लॉस फर्नेसेसच्या जुन्या भट्ट्या आहेत. १८८२ पासून सुमारे नव्वद वर्षे तेथे लोखंड गळत होते. आज ते संग्रहालय आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोलादाचा धंदा ओसरला, तेव्हा शहरास आधार दिला तो एका विद्यापीठाने. अलाबामा विद्यापीठाचे बर्मिंगहॅममधील वैद्यकीय महाविद्यालय आणि विस्तार केंद्र यांतून १९६९ साली एक स्वतंत्र विद्यापीठ उभे राहिले. आद्याक्षरांवरून त्यास यूएबी म्हणतात. रुग्णालय आणि संशोधनशाळा यांच्या बळावर ते वाढत गेले आणि राज्यातील सर्वांत मोठी नोकरी देणारी संस्था बनले. जेथे भट्ट्यांचा धूर होता तेथे पांढरे डगले घातलेले डॉक्टर दिसू लागले.

या शहराचा दुसरा ध्यास म्हणजे फुटबॉल. हा खेळ आपल्याकडील फुटबॉल नव्हे. प्रत्येक बाजूस अकरा गडी, लंबगोल चेंडू, शंभर यार्डांचे मैदान, आणि नावात पाय असला तरी चेंडू बहुधा हातात धरून पळावयाचा किंवा फेकावयाचा. अमेरिकेच्या दक्षिणेत या खेळाचे महाविद्यालयीन सामने म्हणजे गावची जत्राच. १९२७ साली बांधलेल्या बर्मिंगहॅमच्या लीजन फील्ड या क्रीडागारात राज्यातील दोन बड्या विद्यापीठांचा, म्हणजे टस्कलूसा येथील अलाबामा आणि ऑबर्न यांचा, वार्षिक सामना चाळीस वर्षे अखंड भरत असे. शहराच्या लोखंडावरूनच त्यास ‘आयर्न बोल’ हे नाव पडले.

त्याच मैदानाने शहराचे दुःखही पाहिले आहे. १९६३ साली बर्मिंगहॅममधील एका कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये वर्णद्वेष्ट्यांनी स्फोट घडविला आणि चार मुली मृत्युमुखी पडल्या. त्यानंतर सात वर्षांनी, १९७० साली, कॅलिफोर्नियाचा मिश्र वर्णांचा संघ लीजन फील्डवर आला. त्याने अलाबामाच्या गोऱ्या संघास ४२-२१ असे हरविले. त्या दिवशी चमकला तो सॅम कनिंगहॅम हा कृष्णवर्णीय खेळाडू. आपल्या संघातही असे खेळाडू हवेत, हे त्या सायंकाळी अनेक प्रेक्षकांना पटले.

एवढी परंपरा असूनही बर्मिंगहॅमच्या स्वतःच्या विद्यापीठास फुटबॉल संघ नव्हता. बास्केटबॉलचे नामवंत प्रशिक्षक जीन बार्टो यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस येथे येऊन क्रीडा विभाग शून्यातून उभा केला होता. फुटबॉलची सुरुवात मात्र १९८९ मध्ये, एका हौशी मंडळाच्या रूपाने झाली. १९९१ साली जिम हिलियर यांच्या मार्गदर्शनाखाली संघ अधिकृत स्पर्धेत उतरला, तोही तिसऱ्या श्रेणीत. या श्रेणीत खेळाडूंना क्रीडा शिष्यवृत्ती देता येत नाही. भांडवल कमी, उलाढाल कमी, जोखीमही कमी.

परंतु त्याच वर्षी राष्ट्रीय क्रीडा संघटनेने एक नियम केला. ज्या विद्यापीठांचे अन्य खेळ पहिल्या श्रेणीत आहेत, त्यांना १९९३ पासून फुटबॉलही खालच्या श्रेणीत खेळविता येणार नव्हता. लहान दुकानदारास एक तर घाऊक बाजारात उतर, नाही तर दुकान मिट, असे सांगावे तसेच हे झाले. यूएबीने उतरण्याचे ठरविले. १९९३ साली पहिल्या श्रेणीचा खालचा वर्ग आणि १९९६ साली सर्वांत वरचा वर्ग, अशा दोन पायऱ्या संघाने पाच वर्षांत ओलांडल्या. वरच्या वर्गात पंच्याऐंशी खेळाडूंना पूर्ण शिष्यवृत्ती देता येत असे. प्रशिक्षक, प्रवास, वैद्यकीय सेवा, सरावाची मैदाने हा खर्च त्यावर निराळा.

वॉटसन ब्राउन यांच्या कारकिर्दीत या बालसंघाने काही मोठे दिवस पाहिले. २००० साली त्याने लुइझियाना राज्य विद्यापीठाच्या बलाढ्य संघास त्याच्याच अंगणात १३-१० असे हरविले. २००४ मध्ये प्रथमच मोसमाअखेरच्या मानाच्या सामन्याचे निमंत्रण मिळाले आणि संघ हवाई बेटांवर जाऊन खेळला. तेथे हार झाली, तरी नाव झाले. रॉडी व्हाइट हा खेळाडू पुढील वर्षी अटलांटाच्या व्यावसायिक संघाने पहिल्याच फेरीत निवडला.

पण ताळेबंदाची दुसरी बाजू भरत चालली होती. सत्तर हजारांहून अधिक आसनांच्या जुन्या लीजन फील्डवर यूएबीच्या सामन्यास बहुतेक बाके रिकामी राहत. शहरातील लोकांची निष्ठा टस्कलूसा किंवा ऑबर्नकडे पिढ्यानपिढ्या बांधलेली होती. शिवाय टस्कलूसा, हंट्सव्हिल आणि बर्मिंगहॅम या तिन्ही विद्यापीठांचे विश्वस्त मंडळ एकच होते. २०११ साली विद्यापीठाच्या आवारात लहान क्रीडागार बांधण्याचा प्रस्ताव मंडळापुढे चर्चेलाच आला नाही. थोरल्या भावाच्या पेढीवर बसलेले लोक धाकट्याचे दुकान वाढू देत नाहीत, अशी यूएबीच्या समर्थकांची तक्रार होती. मंडळाचे म्हणणे असे की त्या खर्चास आर्थिक आधार नाही.

२०१४ च्या आरंभी बिल क्लार्क हे नवे प्रशिक्षक आले. आदल्या हंगामात संघाचे केवळ दोन विजय होते. क्लार्क यांनी पहिल्याच वर्षी सहा विजय मिळविले. २९ नोव्हेंबरला शेवटचा सामना जिंकून संघ मानाच्या सामन्यासाठी पात्र ठरला. आणि तीनच दिवसांनी, २ डिसेंबर २०१४ रोजी, विद्यापीठाचे अध्यक्ष रे वॉट्स यांनी खेळाडूंना एकत्र बोलावून सांगितले की फुटबॉल, बोलिंग आणि रायफल हे तिन्ही संघ बंद करण्यात येत आहेत. सुमारे वीस वर्षांत वरच्या वर्गातील एखाद्या विद्यापीठाने फुटबॉल संघ मोडण्याची ही पहिलीच वेळ होती.

कारण आकड्यांचे होते. क्रीडा विभागाचा वार्षिक खर्च सुमारे ३ कोटी डॉलर, आणि त्यातील जवळजवळ २ कोटी विद्यापीठाच्या तिजोरीतून व विद्यार्थ्यांच्या शुल्कातून येत. सल्लागारांच्या अहवालानुसार स्पर्धेत टिकावयाचे तर पुढील पाच वर्षांत आणखी ४ कोटी ९० लाख डॉलर लागणार होते. रुग्णालय आणि संशोधन हे ज्या संस्थेचे मुख्य कार्य, तिने हा पैसा खेळावर घालावा काय, हा वॉट्स यांचा प्रश्न होता. तो प्रश्न अयोग्य होता असे कोणासही म्हणता येणार नाही. तोट्यात चालणारी शाखा बंद करणे हा कोणत्याही व्यवहारात मान्य असलेला उपाय आहे.

परंतु तोटा कशास म्हणावयाचे, यावरच वाद पेटला. काही अर्थतज्ज्ञांनी तीच वही पुन्हा तपासली. त्यांचे म्हणणे असे की, खेळाडूस दिलेली शिष्यवृत्ती क्रीडा विभागाच्या खर्चात पूर्ण शुल्काच्या दराने मांडली जाते. ती रक्कम विद्यापीठाच्याच दुसऱ्या खात्यात जमा होते. ज्या वर्गात तीस विद्यार्थी आधीच बसले आहेत तेथे एकतिसावा बसला, तर प्रत्यक्ष खर्च पूर्ण शुल्काएवढा होत नाही. एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेल्या पैशास तूट म्हणता येईल काय? हा भाग वेगळा काढला, आणि फुटबॉल नसल्यास सामूहिक साखळीचे सदस्यत्व व तेथील वाटा गमवावा लागेल हे जमेस धरले, तर तिन्ही संघांचा खर्च आणि उत्पन्न जवळपास समान येते, असा त्यांचा निष्कर्ष होता. एकाच वहीतून दोन जाणकारांनी दोन भिन्न बाकी काढल्या. ज्यांनी संयुक्त कुटुंबाच्या वाटणीचे हिशेब पाहिले आहेत त्यांना याचे नवल वाटणार नाही.

दरम्यान शहर गप्प बसले नाही. विद्यार्थ्यांनी मोर्चे काढले. प्राध्यापकांच्या प्रातिनिधिक सभेने अध्यक्षांवर अविश्वासाचा ठराव केला. ज्या व्यावसायिकांनी आजवर सामन्याचे तिकीटही काढले नसेल, त्यांना जाणवले की बर्मिंगहॅमचे काहीतरी हिरावले जात आहे. पोलाद गेले, कारखाने गेले, आयर्न बोलही शहरातून निघून गेला, आणि आता हा लहानसा संघही गेला. खेळाडूंना अन्यत्र तत्काळ खेळण्याची मुभा मिळाल्यामुळे डझनावारी मुले शहर सोडून गेली. क्लार्क यांना अन्यत्र जाण्यास कोणीही दोष दिला नसता. तरी ते थांबले.

अध्यक्षांनी अट घातली. पाच वर्षांची तूट बाहेरून भरून निघत असेल तर विचार होईल. ही रक्कम १ कोटी ७२ लाख डॉलर ठरली. व्यापारी, माजी विद्यार्थी आणि सामान्य नागरिक यांनी वचनपत्रे लिहून दिली. शहराच्या परिषदेनेही हातभार लावला. १ जून २०१५ रोजी, बंदीच्या घोषणेस सहा महिने पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी, वॉट्स यांनी स्वतःच संघ परत आणण्याचे जाहीर केले. घेतलेला निर्णय जाहीरपणे फिरविणे कोणत्याही अधिकाऱ्यास सोपे नसते, हेही येथे नमूद केले पाहिजे.

संघ मात्र कागदावरच होता. खेळाडू गोळा करावयाचे आणि त्यांना सांगावयाचे की दोन हंगाम सामना नाही, केवळ सराव. देणग्यांतून २ कोटी २५ लाख डॉलरचे नवे सराव केंद्र उभे राहिले. याच काळात क्लार्क यांनी कोवळ्या आणि नाकारलेल्या मुलांतून संघ बांधला. २ सप्टेंबर २०१७ रोजी लीजन फील्डवर यूएबी पुन्हा उतरला तेव्हा ४५,२१२ प्रेक्षक आले होते. यूएबीच्या घरच्या सामन्यास तोपर्यंत एवढी गर्दी झाली नव्हती. अलाबामा ए अँड एम संघावर ३८-७ असा विजय मिळाला. त्या हंगामात संघाने आठ सामने जिंकले. २०१८ मध्ये अकरा विजय, साखळीचे अजिंक्यपद आणि मोसमाअखेरच्या मानाच्या सामन्यातील पहिला विजय लाभला. २०२० मध्ये अजिंक्यपद पुन्हा मिळाले.

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये शहराच्या मध्यवर्ती भागात पंचेचाळीस हजारांहून अधिक आसनांचे नवे क्रीडागार उघडले. त्यास बर्मिंगहॅममधीलच एका आयुर्विमा कंपनीचे, प्रोटेक्टिव्हचे, नाव आहे. पहिला सामना यूएबीने गमावला, परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस मानांकित ब्रिगहॅम यंग संघास ३१-२८ असे हरवून हंगाम संपविला. २०२२ मध्ये पाठीच्या दुखण्यामुळे क्लार्क निवृत्त झाले. २०२३ साली संघ अधिक मोठ्या साखळीत गेला आणि तेथील पहिल्या वर्षी बारांपैकी आठ सामने हरला. विद्यापीठाचा पैसा आजही खेळावर खर्च होतो आणि तो खर्च योग्य की अयोग्य हा प्रश्न मिटलेला नाही. फरक इतकाच की २०१४ पूर्वी तो हिशेब बंद दाराआड होत असे. आता शहरातील अनेक लोकांचे स्वतःचे पैसे त्यात गुंतलेले आहेत, म्हणून ते वही पाहावयास मागतात.

बर्मिंगहॅमला जाणाऱ्या प्रवाशाने सकाळी स्लॉसच्या गंजलेल्या भट्ट्या पाहाव्यात, दुपारी विद्यापीठाच्या रुग्णालयाच्या इमारतींमधून फिरावे, आणि शरद ऋतूतील शनिवार असेल तर सायंकाळी नव्या क्रीडागारात जाऊन बसावे. हिरव्या आणि सोनेरी रंगाचे सदरे घातलेली कुटुंबे मुलांना घेऊन आलेली असतात. त्यांतील लहान मुलांना संघ बंद पडला होता हे ठाऊकही नसते. शेजारी बसलेले आजोबा मात्र मध्यंतरात ती गोष्ट सांगतात, आणि सांगताना त्या वेळी आपण किती डॉलर लिहून दिले होते तो आकडा हमखास सांगतात.