गळाला फक्त चिलापी लागली



दसऱ्यानंतरच्या रविवारी आमच्या पाझर तलावावर गळाची स्पर्धा झाली. निकाल आधीच सांगतो. चौदा जण, सकाळी सात ते दुपारी बारा, आणि सगळ्यांची मिळून मासळी भरली अडीच किलोला थोडी कमीच. तीही सगळी चिलापी, तळहाताएवढी. रोहू नाही, कटला नाही, मृगळ नाही.

नुसती करमणूक असती तर चहा पिऊन घरी गेलो असतो. पण या तलावाचा ठेका माझ्या पुतण्यानं आणि त्याच्या तीन दोस्तांनी घेतलाय. दोन पावसाळे बोटुकली आणून सोडली, पैसे घरच्यांकडून उसने घेतले. गावाला मासा दिसावा, चार गिऱ्हाईकं जुळावीत म्हणून ही स्पर्धा. दोनशे रुपये फी, पहिलं बक्षीस फवारणीचा बॅटरी पंप.

एक गोष्ट ध्यानात घ्या. रोहू, कटला, मृगळ साठल्या पाण्यात वीण घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. 1957 साली डॉ. हिरालाल चौधरींनी इंजेक्शन देऊन या माशांची वीण करून दाखवली, तेव्हापासून बीज हाताशी आलं. 10 जुलैचा मत्स्यशेतकरी दिन त्याचाच. म्हणजे आमच्या तलावातला प्रत्येक रोहू पोरांनी विकत आणून सोडलेला. गेला तर आपोआप दुसरा होत नाही.

बारा वाजता काटा झाला आणि कुरबुर सुरू झाली. "रात्री कुणीतरी जाळं मारलंय." "बीजच खोटं दिलं आसंल." पुतण्याचं तोंड उतरलं. तेवढ्यात वस्तीवरचे आबा म्हणाले, "आरं, सकाळी पाण्याकडं कुणी बघितलं का? मासं वर येऊन तोंड वासत हुतं. श्वासाला म्हाग झालेला मासा पेंड खाईल व्हय?"

बघितलं होतं सगळ्यांनीच. सातला पाण्यावर ठिकठिकाणी तोंडं दिसत होती आणि आम्हाला वाटलं, आज मासा वर आहे, चांगला लागणार! कणकेचे गोळे झाले, गांडूळ झालं, तंगूस लांब फेकून झाली. बोया हलला की चिलापीच.

आता यामागचं गणित. पाणी हिरवंगार होतं. पाण्यातलं बारीक शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू तयार करतं, पण रात्री स्वतःच तो वापरतं. म्हणून पहाटे पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी. त्यात चार दिवस आभाळ होतं (सोयाबीन झाकून ठेवलेल्यांना सांगायला नको). ऊन नाही म्हणजे दिवसाची कमाई कमी, रात्रीचा खर्च तेवढाच. अशा पाण्यात रोहू-कटला खाणं सोडतात. चिलापी मात्र कमी प्राणवायूतही तग धरते. हा मासा 1952 ला बाहेरून भारतात आला, साठल्या पाण्यातही वर्षातून अनेकदा वीण घालतो आणि गर्दी झाली की खुरटा राहतो. गळाला नुसती चिलापी लागते तेव्हा पाण्याची तब्येत बघायची, हे त्या दिवशी पटलं.

दुपारी दोनला ऊन पडलं. चारच्या सुमारास मधल्या पाण्यात कटल्यांनी पाठी दाखवल्या, चांगले दीड-दोन किलोचे. चोरीचा विषय तिथंच मिटला, पण काळजी वाढली, कारण संध्याकाळी पुन्हा ढग आले.

त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती, ते एक बरं झालं. पोरांनी रात्री दोन ते उजाडेपर्यंत मोटर चालवून तलावाचंच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं परत तलावात पाडलं. अख्खा तलाव त्यानं सुधारत नाही, पण फवाऱ्याजवळ माशाला आसरा मिळतो. खाद्य आणि शेण टाकणं बंद केलं. सकाळी काठाला तीन मृगळ मेलेले मिळाले. मृगळ तळाला चरणारा, आणि तळालाच प्राणवायू आधी संपतो. बाकी मासा वाचला.

पण हिरवं पाणी आलं कुठून? तलावाच्या वर सगळं आलं आणि ऊस. जोराचा पाऊस झाला की नत्र पाण्याबरोबर वाहतं, स्फुरद मातीला चिकटून जातं, आणि दोन्ही तलावात उतरतात. पिकाला घातलेलं खत शेवाळाला लागू पडतं. म्हणजे पिशवीचे पैसे आपले, वाढ शेवाळाची आणि तोटा पोरांचा.

यावर वरच्या बांधकऱ्यांची बैठक झाली. तीन गोष्टी ठरल्या:

1. मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर खत टाकायचं नाही. ठिबक आहे त्यांनी थोडं थोडं ठिबकमधूनच द्यायचं.
2. आल्याच्या गादीवाफ्यांच्या सऱ्या थेट ओढ्यात सोडायच्या नाहीत. आडवा चर काढून पाणी आधी तिथं थांबवायचं.
3. तलावाकडच्या बांधावर गवताचा पट्टा. माती अडली की स्फुरद अडतं, आणि जनावरांना चाराही होतो.

दोघांनी मान डोलावली नाही. त्यांचा उतारा सगळ्यात जास्त आहे. बघू, पावसाळ्याआधी परत बसायचंय.

ज्यांच्याकडं शेततळं किंवा गावतळं आहे त्यांनी एवढं करून बघा. दुपारी पाण्यात हात सरळ खाली घाला. कोपरापर्यंत बुडेस्तोवर तळवा दिसत असेल तर बरं. मनगटाच्या थोडं वरपर्यंत पाणी आलं आणि तळवा हिरव्यात दिसेनासा झाला, तर ढगाळ आठवड्यात रात्री मोटर तयार ठेवा. पाणी मातीनं गढूळ असेल तेव्हा ही खूण चालत नाही. आणि पहाटे एक चक्कर माराच. मासा तोंड वासत असेल तर त्या दिवशी गळ नको, खाद्यही नको.

तुमच्या तळ्यात तळवा कुठवर दिसतो, ते खाली नक्की लिहा.