सातपाटीला, प्राणहितेच्या काठावरून

सिंदेवाही

प्रिय आई-बाबा,

पापलेटचा अभ्यास करायला निघालेली पोर चंद्रपूरच्या धानपट्ट्यात काय करते, असं आजी विचारत असेल. तिला सांगा, २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा जाहीर करणारे तेव्हाचे मत्स्यमंत्री सुधीर मुनगंटीवार याच जिल्ह्यातले.

इथं गावोगाव मामा तलाव आहेत, म्हणजे माजी मालगुजारी. ढिवरांच्या संस्था त्यात रोहू-कतल्याचं बीज सोडतात. पण काठावर भेटलेले एक काका गावठी माशांवरच बोलत राहिले. पहिल्या पावसात मासे तलावातून धानाच्या बांध्यांकडे चढतात, अंडी घालतात. त्या वाटेवरच जाळं लावलं तर पुढच्या साली धरायचं काय? बाबा, वलगणीच्या माशांबद्दल तुम्ही हेच सांगता.

मेंढा (लेखा), धानोरा तालुका

आज दिवसभर या गोंडांच्या गावात होते. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी हे एक. सुमारे १८०० हेक्टर जंगल ग्रामसभेकडे आहे. निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वांचं एकमत लागतं. त्याआधी अभ्यासगटात विषयाचा कीस पाडतात. वेळ लागतो, पण ठरलेलं मोडायला कुणी उरत नाही. आपल्याकडे सातपाटीला १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, पिल्लं धरू नयेत म्हणून मापंही ठरली आहेत. ते नियम सरकारचे. आपल्या बंदरानं स्वतः एकत्र बसून ठरवलेले किती? माझा संशोधनाचा प्रश्न मला इथं, समुद्रापासून इतक्या दूर मिळाला.

सिरोंचा

इथं प्राणहिता गोदावरीला मिळते. गोदावरीच्या खोऱ्यातली एक वाम नदीत वाढते, अंडी घालायला मात्र समुद्रात उतरते, आणि तिची पिल्लं पुन्हा नदी चढतात. त्यांच्या वाटेत धवळेश्वरला १८५२ पासून बंधारा आहे, आणि इथून थोडं खाली आता मेडीगड्डाचा. समुद्रातला मासा वाचवायचा तर नदीही वाचायला हवी, हे पुस्तकात वाचलं होतं. इथं उभं राहिल्यावर पटलं.

बाबा, एक काम कराल? डोल जाळ्यात बारकी पापलेटं कुठल्या महिन्यात, किती वाव खोलीवर येतात, ते या हंगामात वहीत लिहून ठेवा. शेजारच्या काकांनाही सांगा. मी परतल्यावर त्या वह्या घेऊन सोसायटीत बसू. ठरवायचं ते तुम्हीच ठरवा.

तुमची,
ताई