उन्हाळी

मराठींत कांहीं दुखण्यांचीं नांवें इतकीं सोयीचीं आहेत कीं, तीं उच्चारतांच पुढील चौकशी थांबते. 'उन्हाळी लागली' हें त्यांपैकीं एक. लघवीला जळजळ झाली, वारंवार उठावें लागलें, कीं ओतूरपासून मंचरपर्यंतचा मनुष्य एवढेंच म्हणतो आणि धन्या-जिऱ्याचें पाणी मागवितो. कांदा काढणीच्या दिवसांत ऊन खरें, घाम खरा, पाणी कमी पिणेंही खरें; त्यामुळें हें घरगुती निदान पुष्कळदां बरोबरही ठरतें. चुकतें तेव्हां मात्र महागांत पडतें.

आमचे एक आप्त आंबेगांव तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं शेती करतात. वय चाळिशीच्या आंतलें. दोन दिवस उन्हाळी झाली. तिसऱ्या रात्रीं थंडी वाजून ताप भरला, तो घरच्यांनीं हिवतापाच्या खातीं टाकला. कंबर दुखे, तिचा दोष शेतकामावर गेला. वृषण व गुदद्वार यांच्या मधल्या जागीं ठणका होता, तो त्यांनीं पत्नीलाही सांगितला नाहीं. वडिलांना सांगणें तर दूरच. चौथ्या दिवशीं लघवी अडली तेव्हां त्यांस मंचरला नेलें. डॉक्टरांनीं पहिला प्रश्न नेमका त्याच जागेविषयीं विचारला. आप्त भिंतीकडे पाहूं लागले. "भाऊ, लाजूं नका, दुखतें कुठें तें सांगा," असें डॉक्टरांस दोनदां म्हणावें लागलें.

प्रोस्टेट, म्हणजे पुरःस्थ ग्रंथि, ही पुरुषांत मूत्राशयाच्या खालीं, गुदाशयाच्या पुढें असते. आकार अक्रोडाएवढा, मूत्रमार्ग तिच्या मधून जातो. म्हणून ती सुजली कीं वाट अरुंद होते. आपल्या आंतड्यांत सुखानें नांदणारे जंतूच बहुधा मूत्रमार्गानें वर चढून हा उपद्रव करतात. हुडहुडीचा ताप, ओटीपोटांत व कंबरेंत वेदना, बारीक धार, क्वचित् लघवींतून रक्त, वीर्यस्खलनाच्या वेळीं दुखणें, हीं त्याचीं चिन्हें. नुसत्या उन्हाळीला ताप नसतो. वाचकांनीं एवढा भेद ध्यानांत ठेविला तरी पुरे. ताप असेल तर त्याच दिवशीं, आणि लघवी अडली तर मध्यरात्रींही डॉक्टर गांठावा. लघवीची तपासणी होते, प्रतिजैविकें दिलीं जातात. ताप थोड्या दिवसांत उतरतो, पण गोळ्या कित्येक आठवडे घ्याव्या लागतात. ताप गेला कीं त्या फळीवर ठेवून देणारे महाभाग आमच्या शिकलेल्या वर्गांतच अधिक!

सुश्रुतानें मूत्राघाताचे बारा प्रकार सांगतांना वाताष्ठीला वर्णिली आहे: मलमार्ग व बस्ति यांच्या मध्यें घट्ट गांठ, आणि तिनें अडलेलें मूत्र. तो हाच रोग असा दावा आम्ही करीत नाहीं. त्या जागेचें नांव घेण्यास तो लाजला नाहीं, इतकेंच आम्हांस मोलाचें वाटतें.

महिनोन् महिने रेंगाळणारी दुखणीं वेगळीं. १९९५ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनें ह्या विकाराचे चार वर्ग ठरविले. त्यांपैकीं सर्वांत अधिक आढळणाऱ्या वर्गांत जंतु सांपडतच नाहींत. तेथें दुकानांतून स्वतःच प्रतिजैविकें आणून खाणें व्यर्थ. संसर्गाच्या काळांत पी.एस.ए. ही रक्ततपासणी केल्यास आंकडा चढलेला दिसतो व घरांत कर्करोगाचा धसका बसतो. ती तपासणी दुखणें बरें झाल्यावर, कांहीं आठवडे जाऊं देऊन करावी.